जुना आजार? नाही, लिही!

विमा कसा घ्यावा, हे लोणारात मला विचारा! पतसंस्थेत सतरा वर्षं क्लार्की केलेला माणूस आहे मी. दुसऱ्यांचे फॉर्म तपासून तपासून चष्मा लागला, मग स्वतःचा फॉर्म चुकेल का? तीन वर्षांपूर्वी एजंट देवेश घरी आला, तेव्हा आमची प्रेमला चहा ठेवायला आत गेली. ती चहा घेऊन बाहेर येईस्तोवर मी आरोग्य विम्याचा अख्खा फॉर्म निकालात काढला होता!

"साहेब, जुना आजार?" देवेशनं विचारलं.

"नाही, लिही."

"अन् वहिनीले?"

"तिले काय धाड भरली? टुणटुणीत आहे. नाही, लिही!"

"एकदा विचारून घेता का?"

"अबे, विचारायचं काय त्याच्यात? बायको माझी आहे का तुझी?"

देवेशनं लिहिलं. प्रेमलानं कप ठेवले आणि आत गेली.

त्या दिवसापासून पतसंस्थेत येणाऱ्या-जाणाऱ्याला मी विम्याचं कार्ड दाखवायला लागलो. "दवाखान्यात खिशात हात घालायचाच नाही भाऊ, फक्त कार्ड काढायचं!" प्रेमला म्हणायची, "दर वर्षी एवढा हप्ता भरता, त्याच्यापेक्षा पोस्टात टाका." मी म्हणायचो, बायकांना यातलं काय कळतं! आता नाही म्हणत.

गेल्या उन्हाळ्यात भाकरी थापता थापता प्रेमला पोट धरून खालीच बसली. अंगाला घाम, तोंडातून शब्द निघेना. शेजारच्या कौशल्याबाईंनी तिला धरून गाडीत बसवलं आणि स्वतःही सोबत आल्या. बुलडाण्याच्या मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पित्ताशयात हा एवढा खडा, आणि आत पू व्हायला लागलेला! डॉक्टर म्हणाले, उद्याच ऑपरेशन करावं लागेल, लांबवलं तर जिवाला धोका आहे.

मी छाती फुगवून कार्ड काढलं.

एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. "किती दिवसांपासून दुखतंय?"

आता आमच्याकडची रीत अशी, की डॉक्टरपुढे दुखणं फुगवूनच सांगायचं. दोन दिवस म्हटलं, की गोळी देऊन वाटेला लावतात! कौशल्याबाईंनी गाडीतच बजावलं होतं, "माय, कमी सांगू नको. दुप्पट सांग, तवा कुठं डॉक्टर हात लावते."

प्रेमला कण्हत म्हणाली, "सहा वर्षं झाले."

वा रे पठ्ठी, शिकली! मग मी कसा मागे राहणार?

"सहा काय मॅडम, दहा वर्षं लिहा! तडफडते बिचारी!"

"रोजच्या रोज!" कौशल्याबाईंनी जोड दिली.

मॅडमनी लिहून घेतलं.

तीन तासांनी विम्याच्या टेबलावरच्या बाईंनी बोलावलं. "काका, क्लेम नामंजूर झाला. पॉलिसी दोन वर्षांची आणि दुखणं दहा वर्षांचं. फॉर्मवर तर तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"अहो बाई, ते खोटं आहे! आमच्याकडं वाढवूनच सांगतात!"

"कोणतं खोटं? फॉर्मवरचं, का डॉक्टरांना सांगितलेलं?"

मी कार्ड परत एकदा त्यांच्यापुढे सरकवलं. शेवटी त्यांनाच दया आली. "दुखणं आज पहिल्यांदाच उठलं, असं पेशंटच्या सहीनं लिहून द्या. परत पाठवून बघते. मंजूर होईलच असं नाही."

बस, एवढंच? अर्ज लिहिण्यात तर जिंदगी गेली! पाच मिनिटांत झकास अर्ज खरडला आणि खाटेवरच्या प्रेमलापुढे पेन धरला. तिनं तो नीट वाचला आणि सलाईन लावलेल्या हातानं परत केला.

"खोटं काऊन लिहू?"

"अवं, खोटं तं ते सहा वर्षं होते!"

"ते खरं होतं."

"मग मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं की. तुम्ही म्हणे, वांगे कमी खात जाय. दुसऱ्यांदा सांगतलं, तं सोडा आणून देला. तिसऱ्यांदा सांगाव म्हणलं, तं तुम्ही देवेशले 'नाही, लिही' म्हणून राह्यले होते. मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती."

कौशल्याबाई एकदम खिडकीबाहेर पाहायला लागल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता ऑपरेशनचं कसं?" मी विचारलं.

प्रेमलानं कौशल्याबाईंकडून आपली पिशवी मागून घेतली आणि तिच्यातून पोस्टाचं पासबुक काढलं. सहा वर्षं दर महिन्याला घरखर्चातून वाचवून टाकलेले पैसे! "मले माहीत होतं, एक ना एक दिवस कापा लागंल. थोडे कमी पडत होते, दिवाळीले पुरे झाले असते. जा, पैसे काढायची चिठ्ठी आणा. तिच्यावर करते सही."

ऑपरेशन झालं. प्रेमला वाचली, तिच्याच पैशानं वाचली; थोडे कमी पडले, तेवढेच मी घातले. खडा डॉक्टरांनी डबीत घालून दिला. कंपनीनं पॉलिसीही रद्द केली, आणि माझं कार्ड आता त्या डबीखाली ठेवलेलं आहे.

परवा देवेश दुसऱ्या कंपनीचा फॉर्म घेऊन आला. बसता बसता म्हणाला, "साहेब, जुना आजार?"

या खेपेला मी शहाणा झालो होतो. "थांब बे, विचारून घेतो. प्रेमला, तुले काही दुखते का?"

"आता नाही," स्वयंपाकघरातून आवाज आला. "पण ऑपरेशन झालं, ते लिहा."

"बरोबर, ते लिही. अन् मले काहीच नाही. नाही, लिही!"

"डावा गुडघा लिही, देवेश," प्रेमला आतूनच म्हणाली. "तीन वर्षं झाले. पायरी उतरताना भिंतीले हात लावतात."

देवेशनं माझ्याकडे पाहिलं. मी गुडघ्यावरचा हात हळूच काढून घेतला.

हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं हो!