परमिट आत राहिलं

फोरमनने सकाळी बायकोला शब्द दिला होता, "सहाची बस म्हणजे सहाची बस. आज काही झालं तरी." चार वर्षांत दोघं मिळून कुठे गेली नव्हती. दर वेळी कारखान्यातला कुठला तरी पाईप आडवा यायचा. आजही आलाच होता, पण काम किरकोळ होतं. थंड पाण्याचा पाईप गंजून पापडासारखा झाला होता. त्याला कापाकापी नको, वेल्डिंग नको. गंज घासायचा, कार्बन फायबरचं काळं कापड रेझिनमध्ये भिजवायचं आणि जखमेवरच्या पट्टीसारखं गुंडाळायचं. वाळलं की लोखंडाच्या तोंडात मारेल असं.

फक्त रेझिन एकदा कालवलं की पंचवीस मिनिटांत दगड होतं. ते कालवून झालं आणि नेमके सेफ्टी ऑफिसर उगवले.

"कामाच्या परवानगीचा कागद, परमिट कुठाय?"

"फळ्यावर लावलंय साहेब, रोजच्यासारखं."

"नवा नियम वाचला नाही का? ज्या वस्तूचं काम, परमिट तिच्यावरच हवं."

वाद घालायला फोरमनकडे वेळ नव्हता आणि त्राण तर त्याहून नव्हतं. त्याने प्लॅस्टिकच्या पाकिटातलं परमिट आणून पाईपलाच तारेने बांधलं. ऑफिसरनी तपासलं, वेळ टाकून सही केली आणि समाधानाने गेले.

"मधे येतंय हे," सोबतचा फिटर कुरकुरला.

"मग सरकव की जरा पुढे!"

फिटरने सरकवलं. पुढे म्हणजे, गुंडाळत गुंडाळत दोघे जिकडे चालले होते तिकडेच. त्यानंतर वीस मिनिटं कुणी मान वर केली नाही. बायकोचा फोन तीनदा वाजला, पण फोरमनचे हात कोपरापर्यंत चिकट झाले होते.

चार वाजता थर ठणठणीत वाळले. काम संपल्याची सही घेऊन परमिट बंद करायला फोरमन वळला, तर परमिट गायब. दोघांनी सावकाश पाईपकडे पाहिलं. गुळगुळीत काळ्या पट्टीच्या टोकाला एक चौकोनी टेंगूळ आलं होतं.

"कुठे सरकवलंस रे?"

"तुम्हीच म्हणालात ना, पुढे."

ऑफिसर आले. त्यांनी टेंगळावर पेन वाजवून पाहिलं. "परमिट बंद झाल्याशिवाय काम संपत नाही. आणि काम संपल्याशिवाय इनचार्जने, म्हणजे तुम्ही, जागा सोडायची नाही."

"टोक कापून काढतो साहेब. ते गंजाच्या पलीकडेच आहे."

"कापायला नवीन परमिट लागेल."

"मग द्या."

"एका पाईपवर एका वेळी एकच परमिट. आधीचं बंद करा."

"अहो, ते आत आहे!"

"तेच तर म्हणतोय मी."

फोरमन मटकन खाली बसला. त्याला खरोखर रडू येत होतं.

"हे टिकतं किती वर्षं?" फिटरने हळूच विचारलं.

"वीस."

"आणि तुमच्या रिटायरमेंटला?"

"सात."

फिटर मुकाट्याने खुर्ची आणायला गेला.

तेवढ्यात चौथ्यांदा फोन वाजला. फोरमनने सगळं सांगितलं. बायको चिडली नाही, त्यामुळे तो जास्तच घाबरला. बावीस वर्षं एका कार्यालयाच्या आवक-जावक विभागात काढलेली बाई ती. "साहेबांना द्या जरा," एवढंच म्हणाली.

"इनचार्ज आजारी पडला तर नियम काय म्हणतो हो?" तिने त्यांना विचारलं.

ऑफिसरनी पुस्तिका उघडली. नियम वाचून दाखवताना त्यांचा आवाज नेहमीच खुलायचा. "त्याला ताबडतोब घरी सोडावे. परमिटची जबाबदारी ज्याने शेवटची तपासणी केली त्याच्याकडे..." आणि ते थांबले.

"कुणी केली शेवटची तपासणी?"

"मी."

"मग विचारा त्यांना, बरं वाटतंय का."

ऑफिसरनी फोरमनकडे पाहिलं. "काय होतंय तुम्हाला?"

फोरमनला खोटं बोलता येत नसे. "थकलोय साहेब."

"कधीपासून?"

त्याने जरा हिशेब केला. "अकरा वर्षं झाली असतील."

आजारी माणूस सांगेल ते शब्दशः लिहावे, असा नियमच होता. ऑफिसरनी तसं लिहिलं, सही केली आणि फिटरने आणलेल्या खुर्चीत पाईपशेजारी बसले.

सहाला पाच कमी असताना फोरमन बसमध्ये चढला. "आता चार दिवस पाईपचं नाव काढायचं नाही," बायको म्हणाली. बस सुटायच्या आतच तो गाढ झोपला होता.

त्याच्या खिशात फोन वाजला. तो जागा होऊ नये म्हणून तिनेच अलगद काढून कानाला लावला.

"वहिनी," पलीकडून खोल गेलेला आवाज आला, "मीही थकलो तर?"

"कधीपासून थकलात?"

"पाच वाजल्यापासून."

"मग बसा अजून," ती म्हणाली, आणि तिने फोन बंदच करून टाकला.