एका छपराचा नियम

यंदाचा कप माझाच, हे मी स्पर्धेच्या दोन महिने आधी घरात जाहीर करून टाकलं. कपाटावरची जागासुद्धा पुसून ठेवली.

"तिथे मी इस्त्री ठेवते," बायको म्हणाली.

"ठेवायचीस. आता नाही."

कप आमच्या हौशी रेडिओ क्लबचा. वर्षातून एका रविवारी, सकाळी आठ ते दुपारी चार, आम्ही सगळे आपापल्या सेटवर बसतो आणि लांबलांबच्या स्टेशनांशी संपर्क साधतो. समोरच्याचं कॉलसाइन, म्हणजे त्याचं रेडिओवरचं नाव, आणि क्रमांक टिपायचा, आपला द्यायचा, की पुढचा पकडायचा. ज्याचे संपर्क जास्त, त्याचा कप. आठ तास मोर्सची टिकटिक करण्यात कसली मजा, असं मला आजवर चारेकशे लोकांनी विचारलं असेल. मी कुणालाच उत्तर दिलेलं नाही. नऊ वर्षं सलग तो कप माझ्या घरात होता, एवढंच सांगतो.

मग दातांचे डॉक्टर क्लबात आले आणि दोन वर्षं कप त्यांच्याकडे गेला.

या माणसाने शहराबाहेरच्या डोंगरावर तीन मनोरे उभारले आणि तिथे जाऊन बसला. म्हणजे बसला नाही, हेच तर माझं म्हणणं आहे! मनोरे डोंगरावर, रेडिओ डोंगरावरच्या खोलीत कुलूपबंद, आणि हे महाशय वीस किलोमीटर लांब, आपल्या दवाखान्यातल्या फिरत्या खुर्चीत. मध्ये फक्त इंटरनेट. इकडे लॅपटॉपवर बटण दाबलं की तिकडे अँटेना मान वळवते. डोंगरावर ना लिफ्ट, ना मिक्सर, ना शेजारी. तिथे मुंगी शिंकली तरी हेडफोनमध्ये दचकायला होईल. आणि मी? चार मजली इमारत, पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली यांच्यामध्ये ताणलेली एक तार. खालच्या मजल्यावर कुणी केस वाळवायला घेतले की माझ्या कानात वादळ सुटतं.

तुम्हीच सांगा, याला स्पर्धा म्हणायचं? मी पेशाने वजनमापं तपासणारा माणूस. तराजूच्या पारड्याला चिकटवलेलं चिमूटभर मेण मला दहा फुटांवरून दिसतं. इथे तर अख्खा डोंगर एका पारड्यात होता.

क्लबाच्या बैठकीत मी प्रस्ताव मांडला. टाइप बायकोनेच करून दिला होता, कारण ती कोर्टात लघुलेखिका आहे आणि माझं अक्षर तिच्याशिवाय कुणाला लागत नाही. प्रस्ताव असा: चालक, रेडिओ आणि अँटेना एकाच छपराखाली असली पाहिजेत, किंवा फार तर छपरावर, आणि त्या दिवशी सेटला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

"तुमचा राग माझ्यावर आहे की इंटरनेटवर?" डॉक्टरांनी विचारलं. रुग्णाला 'दुखतंय का' विचारावं, अशा मऊ आवाजात.

"अन्यायावर," मी म्हटलं. "तुम्ही एका हाताने लोकांच्या दाढा उपटता आणि दुसऱ्या हाताने माझा कप."

"रविवारी दवाखाना बंद असतो हो."

"मग डोंगरावर जायला काय होतं?"

त्यांनी प्रस्तावाचा कागद पुढे ओढला. "हा नियम केल्याने आणखी कुणाची अडचण होईल, याचा विचार केलात?"

"न्यायाने अडचण फक्त लबाडाची होते," मी म्हणालो आणि टेबलावर मूठ आपटली. सचिवबाईंच्या कपातला चहा बशीत आला.

मतदान झालं. नियम मंजूर. बाजूने हात वर करणाऱ्यांत डॉक्टरही होते. याचा मला इतका संताप आला की त्या रात्री जेवण गेलं नाही. ज्याला हरवायचं त्यानेच आपल्या बाजूने मत द्यावं, याहून मोठा अपमान कुठला?

स्पर्धेचा रविवार उजाडला. वीज गेली तरी खंड पडू नये म्हणून मी सेट गाडीच्या बॅटरीवर घेतला होता आणि बॅटरीला नवाकोरा चार्जर लावला होता. आठच्या ठोक्याला हेडफोन चढवले.

घर्र्र्र्र्र!

जणू कुणी माझ्या डोक्यात पिठाची गिरणी चालू केली होती. सिग्नल नाही, आवाज नाही, नुसती घरघर. अर्ध्या तासात फक्त चार संपर्क. मी तडक खालच्या मजल्यावर गेलो आणि घंटा दाबली.

"मिक्सर बंद करा," मी काकूंना म्हटलं.

"मी वर्तमानपत्र वाचतेय."

"मग काय चालू आहे घरात?"

"पंखा. तोही बंद करू? श्वास घेतलेला चालेल ना?"

दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त कॅप्टनना मी टीव्ही बंद करायला लावला. पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याशी शिवणयंत्रावरून हमरीतुमरी झाली. ते पायाने चालवायचं यंत्र आहे, हे माझ्या नंतर लक्षात आलं. घरघर तशीच. साडेनऊ वाजले. डोंगरावर तो माणूस शंभरी गाठत असेल, या विचाराने माझं रक्त उकळू लागलं. मी जिन्याखाली गेलो, मीटरच्या खोलीचं दार उघडलं आणि इमारतीच्या मुख्य स्विचचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला.

दांडा खाली आला. तसाच पुढे माझ्या हातातही आला.

तो कोपऱ्यात टेकवून मी धावत वर आलो. हेडफोन लावले. काय शांतता होती म्हणता! सातासमुद्रापारची स्टेशनं शेजारच्या खोलीत बसल्यासारखी ऐकू येत होती. मी सुटलो. मिनिटाला एक, कधी दोन. रागाने माणसाचा वेग वाढतो, हे मी अनुभवाने सांगतो. अकरापर्यंत माझ्या वहीत एकशे एकतीस संपर्क झाले होते.

बायकोने येऊन माझा एक कान उघडा केला. "अहो, लिफ्ट अडकलीय. आत कुणीतरी आहे. मघापासून दार वाजवतंय."

"मग लिफ्टवाल्याला फोन कर."

"केला. तो म्हणतो आधी वीज आणा. आणि ते नुसतं वाजवणं नाहीये. तुम्ही या."

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लटकली होती. अख्खी इमारत जिन्यात जमली होती. आतून आवाज येत होता: टक, खर्र, टक टक. काठीचं टोक आपटलं की बिंदू, ओढलं की रेघ. ते माझं कॉलसाइन होतं. एकसारखं, न चुकता, जगात फक्त एकाच माणसाच्या हाताला येणाऱ्या लयीत.

आत मास्तर होते.

मास्तरांनी चाळीस वर्षं तारखात्यात काढली. मला मोर्स त्यांनी शिकवलं, माझी पहिली तार त्यांनी बांधली. आता वय एक्क्याऐंशी. गुडघे गेले, कानही गेले. बोललेलं अजिबात कळत नाही. हेडफोनचा आवाज पुरता वाढवला तर मोर्सचा एकच सूर तेवढा ऐकू येतो. बाहेरून कितीही ओरडलो तरी त्यांना पत्ता लागणार नव्हता. पण पत्र्यावर तळहात ठेवला तर टकटक नक्की समजणार होती. मी घरातून पाना आणला आणि लिफ्टच्या दारावर ठोकायला लागलो. मास्तर, मी आहे. बरे आहात ना?

"दाराला परवाच रंग दिलाय," इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले. ते पहिल्यापासून माझ्यावर खार खाऊन होते.

आतून उत्तर आलं. आम्ही आपली भाषा इंग्रजी अक्षरांत ठोकतो, त्यामुळे ते चांगलं लांबलचक आलं.

"काय म्हणतात?" काकूंनी विचारलं.

"ठीक आहे, घाई नाही, असं म्हणतात," मी सांगितलं.

"असं नाही म्हणाले," मागून बायको म्हणाली. "गाढवा, वीज तूच घालवलीस ना, असं म्हणाले."

मी वळून बघितलं. "तुला मोर्स येतं?"

"बावीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय. दगडालाही आलं असतं."

सगळी इमारत माझ्याकडे पाहू लागली. मीटरच्या खोलीत कोण गेलं होतं, हे आता विचारायची गरज उरली नव्हती. कॅप्टन इलेक्ट्रिशियनला आणायला निघाले; जाताना माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर त्यांनी नोकरीत कैद्यांसाठी राखून ठेवली असणार.

आतून पुन्हा सुरू झालं. आता बायको मोठ्याने वाचत होती, कोर्टात साक्ष वाचावी तशी, बिनचढउतार.

"छपराचा नियम तू केलास?"

हो, मी ठोकलं.

"का?"

न्यायासाठी. डॉक्टर घरबसल्या डोंगर वापरतात.

मग काठी सावकाश चालू झाली.

"डोंगर मीही वापरतो. डॉक्टरने दोन महिन्यांपूर्वी मला पासवर्ड दिला. मधल्या मनोऱ्याचा. रोज सकाळी सराव करतो. नऊ वर्षांनी स्पर्धेत नाव दिलं होतं. तुला सांगितलं नाही. म्हटलं, हवेत भेटलो की तुझा चेहरा कसा होईल."

माझा चेहरा कसा झाला होता ते जिन्यातले लोक बघत होते. मी पाना उचलला. तेवढ्यात काठी पुन्हा सुरू झाली.

"कालच्या पत्राने नाव रद्द झालं," बायको वाचत राहिली. "आता सांग. माझ्या घरावर छप्पर आहे, पण त्यावर चढायला गुडघे नाहीत. हे तुझ्या कुठल्या मापात बसतं?"

बायकोचा आवाज शेवटच्या शब्दावर जरासा अडखळला. एरवी तो फाशीची शिक्षा वाचून दाखवतानाही अडखळत नाही.

चुकलो, असं ठोकायला मला किती वेळ लागला असेल? जेमतेम दहा सेकंद. पण तिथे उभा होतो तेव्हा तो पाना मणाचा झाला होता.

आतून एकच शब्द आला. तो बायकोने वाचला नाही. काकूंनी फार आग्रह केला, तरी नाही.

इलेक्ट्रिशियन एक वाजता आला. दांडा बसवला, वीज आली, लिफ्ट कुरकुरत वर आली. वाटेत तो माझ्या घरातही डोकावला आणि म्हणाला, "हा चार्जर फेका साहेब. याच्यामुळे सगळी घरघर होते." मी त्याला हळू बोल म्हटलं, पण तोपर्यंत कॅप्टनांनी ऐकलं होतं आणि पाच मिनिटांत पहिल्या मजल्यावरच्या शिंप्यापर्यंत पोचलं होतं.

मास्तर बाहेर आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काठी टेकत सरळ माझ्या खोलीत गेले आणि माझ्या सेटसमोर उभे राहिले. मी चार्जर उपटला, बॅटरी तेवढी ठेवली. खुर्ची पुढे ओढली. ते बसले. मी आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले.

दुसऱ्याचा हात सेटला लागला की नोंद बाद. हे कलम माझंच होतं. माझ्या वहीत एकशे एकतीस संपर्क होते, आणि अजून अडीच तास बाकी होते. एकदा वाटलं, मास्तरांचा हात धरावा. पण त्यांनी मोर्स ठोकायच्या खटक्यावर बोट ठेवलं होतं, आणि ते बोट थरथरत नव्हतं.

चार वाजेपर्यंत ते थांबले नाहीत. बायकोने पाणी आणलं, ते तसंच राहिलं. मी शेजारी स्टुलावर बसून त्यांच्यासाठी वही लिहीत होतो. शेवटचा आकडा दोनशे अठ्ठ्याण्णव. पाठवायचा कुठेच नव्हता. मास्तरांनी हेडफोन काढले, वही हातात घेतली, आकडे एकदा तपासले आणि मोठ्याने म्हणाले, "तुझा सात अजून एकासारखा दिसतो." दिवसभरात ते तोंडाने बोलले ते एवढंच.

निकाल लागला. डॉक्टर नियमाप्रमाणे डोंगरावर जाऊन बसले होते. इंटरनेटमुळे जो अर्धा सेकंद उशीर व्हायचा, तो तिथे होत नव्हता. त्यांनी आदल्या वर्षीच्या दीडपट संपर्क केले. क्लबाच्या इतिहासातला विक्रम. माझा नियम नसता तर झाला नसता, असं त्यांनी भाषणात आवर्जून सांगितलं, आणि मनापासून सांगितलं, हे जास्त लागलं.

पुढच्या बैठकीत नियम मागे घ्यायचा प्रस्ताव मीच मांडला. लांबून चालवणाऱ्यांसाठी वेगळा गट झाला, वेगळा छोटा कप ठरला. मास्तरांनी पहिलं नाव दिलं.

त्याच आठवड्यात इमारतीच्या सभेने एकमताने ठरवलं की गच्चीवर कुणाचीही तार राहणार नाही. शिंप्याने दोन्ही हात वर केले होते, असं ऐकतो. तार उतरवून मी घरी आणली. दोन दिवस ती गुंडाळत बसलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त एक पासवर्ड सांगितला.

यंदा मी लांबून चालवणाऱ्यांच्या गटात होतो. हॉलमध्ये, लॅपटॉपसमोर, पायाखाली उशी घेऊन. या गटात आम्ही दोघेच. माझा नंबर दुसरा आला.

पण यातही न्याय झालेला नाही, हे मी स्पष्ट सांगतो. मास्तरांकडे मधला मनोरा, माझ्याकडे कडेचा. मधला अकरा फुटांनी उंच आहे. मी स्वतः जाऊन मोजलाय. समितीला तसं पत्रही लिहिलंय. बायको ते टाइप करायला तयार नाही.