महादूभाऊ हार्डडिस्क ऐकतात

बिघडलेला लॅपटॉप समोर आला की महादूभाऊ आधी पंखा बंद करत. मग हार्डडिस्क बाहेर काढून वायरीला जोडत, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या पाठीवर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. तोवर गिऱ्हाइकानं खोकायचंसुद्धा नाही.

ही विद्या पाण्याच्या मोटारींची. डिंगोरे गावात त्यांनी वीस वर्षं जळालेल्या मोटारी भरून दिल्या होत्या. पुढे घोडेगावात आमच्या वाचनालयाशेजारी आठ बाय दहाचा गाळा घेतला आणि पाटी लावली, 'आंतरराष्ट्रीय डेटा पुनर्प्राप्ती केंद्र'. ग्रंथपाल या नात्यानं मी 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाबद्दल विचारणा केली.

"दुबईच्या एकाचा लॅपटॉप आल्ता," ते म्हणाले.

"निघाला डेटा?"

"आल्ता म्हणलं ना राव."

डेटा निघणार नाही, असं ते कधीच म्हणत नसत. तो 'येळ घेत' असे. एका सोसायटीच्या चेअरमनचं सत्काराला उत्तर देणारं भाषण दोन वर्षं वेळ घेत होतं. चेअरमन सोडून कोणाची तक्रार नव्हती.

एका पावसाळ्यात तळेघरच्या सुनंदाबाई आल्या. शाळेत शिकवायच्या. एसटीच्या रॅकवरून लॅपटॉप खाली पडला होता. त्यात वडिलांचे, त्यांच्या दादांचे, फोटो होते. वडील उन्हाळ्यात वारले, आणि घरात त्यांचा दुसरा एकही फोटो नव्हता.

महादूभाऊंनी पंखा बंद केला. ऐकलं.

"टकटक करतंय. बेरिंग न्हाई. आतली सुई घासलीया." मग वही काढली. "कशाकशाचे फोटो व्हते?"

"दादा भात लावताना. दादा ओट्यावर. दादा चिडलेले."

"का चिडले व्हते?"

"फोटो काढते म्हणून."

"म्हंजी दुसरे नसणारच. कुणाकडं जायाचे-यायाचे?"

"फक्त लग्नांना. आसपास कुणाचंही लग्न असो, पंगतीत वाढायला दादा. बुंदीची बादली दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत."

महादूभाऊंनी तेही लिहून घेतलं. "येळ लागंल, बाई."

तीन दिवस स्क्रूड्रायव्हर त्यांच्या कानाला होता. मधूनमधून पुण्याला फोन व्हायचे आणि फोन ठेवल्यावर ते पुण्याबद्दल काहीबाही बोलायचे. चौथ्या दिवशी गाळ्याला कुलूप. आठवड्यानं उगवले ते थेट वाचनालयात. चपला हातात, पोटऱ्यांपर्यंत चिखल आणि काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले सात लग्नांचे अल्बम. तळेघरच्या बाजूला गाड्या कमी, बहुतेक फिरणं पायीच झालं होतं.

"तुमचा स्कॅनर द्या," ते म्हणाले. "हे परत द्यायचेत. कुणाचं तरी लग्न हाय ते."

दुपारभर आम्ही फोटो चाळले. नवरा-नवरी मधोमध. त्यांच्याकडे आम्ही बघितलंही नाही. कडेला, पंगतीत वाकलेला एक टोपीवाला माणूस शोधायचा. कुठं तो अर्धाच होता, कुठं नुसता हात आणि बादली. एका फोटोत मात्र तो अख्खा होता आणि हसत होता, कॅमेरा आपल्यावर नाही याची खात्री असल्यासारखा.

बाई आल्या तेव्हा मीही गाळ्यात होतो. महादूभाऊंनी सीडी लावून दिली. बाईंनी सगळे फोटो पाहिले, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

"भाऊ, हे माझ्या लॅपटॉपमध्ये नव्हते."

"हार्डडिस्कला मार लागला की तिला इकडचं तिकडचं आठवतं."

"यातल्या काही लग्नांच्या वेळी आमच्याकडं कॅमेराच नव्हता."

"डेटा लई खोल असतोय, बाई."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. बाई त्या हसऱ्या फोटोवर थांबल्या. "घरी नाही हो हसायचे," एवढंच म्हणाल्या.

महादूभाऊंनी ड्रॉवर उघडला. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली त्यांची हार्डडिस्क काढून बाईंच्या हातात दिली.

"ही टाकू नका. भात लावताना, ओट्यावर, चिडलेले, समदे आत हायेत." मग पंखा चालू करायला उठता उठता, आमच्याकडे पाठ करून ते म्हणाले, "मलाच न्हाई काढता आले."