उभ्या गाडीची कसरत

मी कोणताही निर्णय अभ्यास केल्याशिवाय घेत नाही. साधी चप्पल घ्यायची तरी मी चार दुकानं पाहतो, घरी येतो, विचार करतो आणि मग परत जातो. तोवर ती चप्पल विकली गेलेली असते, हा भाग वेगळा. पण महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने याहून कमी काही करावं, हे मला पटत नाही. तेव्हा, ती जुनी आलिशान गाडी मी भावनेच्या भरात घेतली, असा जो समज आमच्या इमारतीत पसरला आहे, तो साफ चुकीचा आहे!

त्या गाडीचे सगळे आजार मला तोंडपाठ होते. कोणत्या वयात तिचं तेल गळू लागतं, ब्रेकच्या चकत्या किती लवकर झिजतात, ज्या हवेच्या पिशव्यांवर ती तोलून उभी असते त्या केव्हा दम सोडतात, सगळं. लोक मुलीसाठी स्थळ पाहताना करत नाहीत इतकी चौकशी मी केली होती. नवी असताना तिच्या किमतीत आमचा फ्लॅट गेला असता. आता बाराव्या वर्षी ती एका छोट्या नव्या गाडीच्या भावात मिळत होती. अशा गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांना ही बातमी कोणी कळवत नाही, हे मला फार उशिरा समजलं. ती विकणारे दंतवैद्य होते. किल्ली माझ्या हातात ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव होते, ते त्यांच्याच खुर्चीतून दुखरी दाढ काढून उठणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतात. मी तो निरोपाचा गहिवर समजलो.

खरा प्रश्न होता बायकोच्या नोकरीचा. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात तिला रक्ततपासणी विभागाची प्रमुख म्हणून नुकतं घेतलं होतं, पण कच्च्या नेमणुकीवर. विभागाची चावी तिच्याकडे. सहाला दार उघडायचं, कारण तोवर उपाशीपोटी आलेल्या रुग्णांची रांग लागलेली असते. त्या वेळी आमच्या भागातून एकही बस निघत नाही. आजवर ती स्वतःच्या छोट्या गाडीने कामावर जात असे. ती छोटी गाडी विकून आम्ही ही मोठी घेतली. म्हणजे मी घेतली. तिने एकच अट घातली होती. ती म्हणाली, "मला गाडीतलं काही कळत नाही. सहाच्या आत मला त्या दारात उभं करायचं, बस."

"अगं, ही गाडी तुला पावणेसहालाच पोचवेल," मी म्हणालो. आणि सुरुवातीला तिने पोचवलंही.

मग एका पहाटे आम्ही खाली उतरलो तर गाडी जमिनीला पोट टेकून बसली होती. डबक्यात शिरलेली म्हैस जशी हाकेला ओ देत नाही, तशी. मी किल्ली फिरवली. समोर होते तेवढे सगळे दिवे लागले, एक केविलवाणा सुस्कारा ऐकू आला आणि सगळे दिवे विझले.  बायकोने फाटकातून बाहेर पडणारा दूधवाल्याचा टेम्पो थांबवला आणि क्रेटांच्या शेजारी बसून निघून गेली. ती विभागात पोचली तेव्हा रांग जिन्यापर्यंत आली होती, आणि एका आजोबांना चक्कर आली होती.

आमच्या मेकॅनिकला सगळे वस्ताद म्हणतात. त्यांनी गाडी उचलून घेतली, हवेच्या नळ्यांवर साबणाचं पाणी शिंपडलं आणि बराच वेळ पाहत राहिले. एक बुडबुडा आला नाही. मग त्यांनी विचारलं, की गाडीला घरातलं आणखी कोणी हात लावतं का?

मी त्यांना पद्धतशीर उत्तर दिलं. घरात माणसं तीन. बायको दुपारी परत येते आणि थकून झोपते. शिवाय ही गाडी चालवायची तिला धास्ती वाटते. वडिलांनी जन्मात गाडी चालवलेली नाही. उरलो मी. मी हात लावलेला नाही, हे मला माहीत आहे. म्हणून कोणीही हात लावलेला नाही. वस्तादांनी मान डोलावली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसेना. पिशव्या तर चांगल्या वाटतात, असं ते पुटपुटले. तेव्हा मीच त्यांना समजावलं, की या वयात या गाडीच्या पिशव्या हमखास बारीक गळतात, बुडबुडा येत नाही इतक्या बारीक. ते म्हणाले, "सर, तुम्ही एवढं वाचलंय तर बदलू."

एका पिशवीला माझा एक पगार. आणि त्या जोडीने बदलाव्या लागतात.

नव्या पिशव्यांवर गाडी राजबिंडी दिसली. पुढच्या आठवड्यात पुन्हा जमिनीवर! मग हवा भरणारा कॉम्प्रेसर बदलला. मग बॅटरी उतरू लागली, म्हणून बॅटरी बदलली. नवीही उतरली, म्हणून तिला वीज पुरवणारा अल्टरनेटर बदलला. एव्हाना मला आणखी एक चमत्कार दिसला. मी आदल्या सकाळी सोडलेली सीट दुसऱ्या सकाळी तिथे नसायची. कधी ती इतकी पुढे, की पोट स्टिअरिंगला लागे. कधी इतकी मागे, की पाय पुरत नसत. वस्तादांनी विजेच्या कामातला एक तज्ज्ञ बोलावला. त्याने लॅपटॉप जोडला, कपाळाला हात लावला आणि सांगितलं, की गाडीतले वेगवेगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या घरीही अलीकडे तीच परिस्थिती होती, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

जाता जाता वस्ताद म्हणाले होते, की अशी गाडी जास्त वेळ उभी ठेवू नये, उभी राहून राहून बिघडते. हे मी रात्री जेवताना सविस्तर सांगितलं. आमच्याकडे मी काही सांगू लागलो की बायको भांडी आवरायला उठते. बाबा मात्र बसून राहतात, कारण त्यांना सावकाश जेवायची सवय आहे. आई गेल्यापासून ते आमच्याकडे राहतात. नोकरीची सगळी वर्षं शहराच्या पंपघरात काढली. बोलणं मोजकं. त्या रात्री त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे उभी राहते म्हणून बिघडते?"

"अगदी बरोबर, बाबा," मी म्हणालो. इतका एकचित्त श्रोता मला वर्गातही मिळत नाही.

त्यानंतर गाडीची तब्येत जी ढासळली ती विचारू नका. आता काचाही अर्ध्या उघड्या सापडू लागल्या. एके सकाळी वायपर काचेच्या मधोमध उभे होते, सलाम करत असल्यासारखे. बायकोला पुन्हा उशीर झाला. तिच्या वरिष्ठ बाईंनी तिला बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, की काम उत्तम आहे, पण रुग्णांना उपाशी ताटकळत ठेवणारी प्रमुख आम्हाला परवडणार नाही. सोमवारी नेमणूक समिती स्वतः सहाला येऊन दारात उभी राहणार आहे. तिने हे घरी सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती म्हणाली, "अहो, मी त्या जागेसाठी किती वर्षं थांबले, ते तुम्हाला माहीत आहे. रविवारी रात्री मी रुग्णालयातच बाकावर झोपते. ते जास्त खात्रीचं आहे."

मी म्हणालो, मला रविवारपर्यंत वेळ दे. काय करणार होतो, हे मला मुळीच ठाऊक नव्हतं.

शनिवारी माझा शेवटचा तास रद्द झाला आणि मी कधी नव्हे तो उजेडी घरी आलो. फाटकातून आत शिरलो आणि जागीच थांबलो.

गाडी आपोआप वर उठत होती. पूर्ण उंचीवर पोचली, क्षणभर थबकली आणि मग अतिशय आदबीने खाली बसली. पुन्हा उठली. चारही काचा एकदम खाली गेल्या, एकदम वर आल्या. वायपर दोनदा हलले. मागचं झाकण उघडलं आणि, माझ्याकडे बघून असावं, मिटलं. मी भाजीची पिशवी छातीशी धरून खांबाआड उभा राहिलो. कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नव्हते म्हणे. इथे तर त्यांचं संमेलन भरलं होतं! माझ्या साऱ्या शिक्षणाने त्या घडीला मला एकच गोष्ट सुचवली: पळ.

तेवढ्यात वॉचमन शेजारी येऊन उभा राहिला. मी त्याला खुणेनेच गाडी दाखवली. तो थंडपणे म्हणाला, "आज काकांना जरा उशीर झाला. रोज यापेक्षा लवकर उरकतात."

मी जाऊन गाडीच्या काचेतून आत पाहिलं. बाबा ताठ बसले होते. इस्त्रीचा सदरा, डोळ्यांवर चष्मा, नजर मनगटावरच्या घड्याळावर. सीट त्यांना घेऊन संथपणे मागे चालली होती. मला पाहून त्यांनी हाताने थांब अशी खूण केली, सीट शेवटाला टेकू दिली आणि मग दार उघडलं.

"बाबा, हे काय चाललंय?"

"राखीव पंप रोज हलवायचा असतो," ते म्हणाले. "नाहीतर ऐन वेळी अडकतो. आमच्याकडे नियमच होता. आधी मी नुसती वर-खाली करायचो. मग तूच म्हणालास उभी राहून बिघडते, तेव्हापासून सगळंच हलवतो. एकही बटण सोडत नाही."

"पण इंजिन बंद ठेवून? सगळं नुसत्या बॅटरीवर?"

"मला गाडी चालवायचा परवाना नाही. इंजिन कसं लावीन?" माझ्या बेजबाबदार प्रश्नाने ते दुखावलेले दिसले.

"आणि काम झाल्यावर गाडी खाली बसलेली का असते?"

"दाब सोडतो ना! दाबाखाली यंत्र झोपवत नाहीत." मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरला. "का रे? काही चुकलं का माझं?"

आता इथे मी गोंधळलो, तेवढा सबंध प्रकरणात गोंधळलो नव्हतो. दोन पिशव्या, कॉम्प्रेसर, बॅटरी, अल्टरनेटर, सगळे माझ्या डोळ्यांपुढून रांगेने गेले. सांगायला हवं होतं. पण आई गेल्यानंतर बाबांनी इस्त्रीचा सदरा घातलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी म्हणालो, की काही चुकलं नाही, फक्त गाडीला आता विश्रांती द्यावी असं वस्तादांचं मत पडलं आहे. त्यांनी विचारलं, की मग उभी राहून बिघडणार नाही का? मी म्हणालो, बिघडेल. ते म्हणाले, मग हलवायला हवी. मी म्हणालो, हो, पण नको. वीस वर्षं मी मुलांना युक्तिवादाचे दोष शिकवत आलो आहे. त्यातले बहुतेक सगळे मी त्या दहा मिनिटांत करून दाखवले.

शेवटी वर जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ऐकत होती. आधी तिने डोळे मिटले. मग तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती, पण ते माझ्यासाठी फार सुखाचं हसणं नव्हतं. मग ती बाहेर बाबांजवळ जाऊन बसली आणि विचारलं, की पंपघरात राखीव पंप कोणत्या वेळी हलवायचे.

"पहाटे. पाणी सोडायच्या आधी."

"मग हिलाही पहाटेच हलवा ना, बाबा. हे इंजिन लावतील. मी मागे बसेन. जाता-येता तुमचं काम होईल, आणि मला तुमच्यामुळे वेळेत पोचता येईल."

बाबांनी थोडा विचार केला आणि ही पद्धत जास्त शास्त्रशुद्ध आहे, असा निर्वाळा दिला.

सोमवारी ते आमच्या आधी खाली जाऊन उभे होते. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. वाटभर त्यांनी खिडक्या, सीट आणि वायपर यांची तपासणी केली. मागे बायको पदराने केस सांभाळत गार वाऱ्यात बसली होती, पण तिने तक्रार केली नाही. आम्ही पोचलो तेव्हा समिती नुकतीच दारात येत होती. बाबा म्हणाले, "थांब, सूनबाई, उतरायला सोपं करतो," आणि बटण दाबलं. सगळ्या समितीदेखत ती अवाढव्य गाडी हळूहळू वाकली, आणि आमची बायको तीतून उतरून, चावी काढून, सहाला पाच कमी असताना दार उघडती झाली. तिच्या वरिष्ठ बाई गाडीकडे बघतच राहिल्या.

नेमणूक पक्की झाली. मी पेढे आणायला निघालो होतो, तेवढ्यात तिने पुढचं सांगितलं. पक्क्या नेमणुकीच्या विभागप्रमुखांना रुग्णालयाची व्हॅन घरून घेऊन जाते आणि घरी आणून सोडते. चालक वेळेचा फार पक्का आहे म्हणे.

तेव्हापासून आमची गाडी उभीच असते. महाविद्यालयात नेण्याइतकं पेट्रोल मला परवडत नाही. मी बसने जातो. बाबांची मात्र सायंकाळची पाळी पुन्हा सुरू झाली आहे. इंजिन लावायला परवानाधारक माणूस हवा, म्हणून मी लवकर परत येतो, इंजिन लावून देतो आणि मागच्या सीटवर बसतो. बटणांना हात लावायची मला अजून मुभा नाही. पण परवा त्यांनी माझं काम पाहून, मागच्या डाव्या खिडकीची जबाबदारी तात्पुरती माझ्याकडे दिली आहे. कच्च्या नेमणुकीवर.