समासातलं पत्र

पत्र लिहिण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय, हे आधीच सांगून टाकतो. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत गेली एकोणीस वर्षं मी तक्रारींना उत्तरं लिहितोय. भडकलेलं गिऱ्हाईक माझं पत्र वाचून निमूट दुसरा पंप नेतं. तेव्हा रुसलेल्या ताईला एका पत्रात घरी आणतो, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, त्यात माझं काय चुकलं?

ताई चार महिने बोलत नव्हती. कारण काय, तर तिने मोबाइलवर कळवलं होतं, 'चार दिवस राहायला येते म्हणते,' आणि मी उत्तर दिलं होतं, 'बरं.' एवढंच, आणि पुढे पूर्णविराम. अहो, मी मीटिंगमध्ये होतो! पण ताईने त्यात काय काय वाचलं देव जाणे. ती आली तर नाहीच, वर माझे फोन उचलणंही बंद केलं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, पुढे मला वाढवलं ते ताईनेच. चार महिने मला कशातच गोडी वाटत नव्हती.

"तुमचा सूर चुकला," बायकोने निदान केलं. नववीतल्या मुलीने लगेच वही आणली. लेखनाचा सूर ओळखायला त्यांना शाळेत चाळीस शब्दांची यादी दिली होती. आर्जवी, लाघवी, तुसडा, करडा, खोचक, मिस्कील, गदगदलेला, असे एकेक. यादी मी फ्रिजवर चिकटवली आणि ठरवलं, ताई येईपर्यंत माघार नाही.

पहिला खर्डा नम्र सुरात लिहिला. 'आपल्या नाराजीची नोंद घेतली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

"आहोत म्हणजे कोण कोण?" बायकोने विचारलं. "मला त्यात धरू नका."

दुसरा लाघवी केला. मुलगी म्हणाली, "बाबा, तू आत्याला पंप विकतोयस."

तिसरा आर्जवी.

"हा आर्जवी नाही, लाचार आहे," बायको म्हणाली. "वन्संना वाटेल तुम्हाला त्यांची किडनी हवीय."

चौथा मात्र झकास मिस्कील उतरला होता. पण मुलगी म्हणे तो खोचक आहे, बायको म्हणे खवचट आहे. त्यावरून दोघींची अशी जुंपली की गॅसवरचं दूध उतू गेलं आणि दोघींनी एकमेकींशी अबोला धरला. एका ताईला बोलतं करायला निघालो होतो, आता न बोलणाऱ्या तिघी झाल्या.

तरी मी हटलो नाही. ऑफिसात साहेब करतात तसं केलं. पाचव्या खर्ड्याच्या समासात लाल पेनाने स्वतःलाच ओळीओळीला सूचना लिहिल्या, की इथे सूर असा हवा, तिथे तसा नको. मग जाड कागदावर स्वच्छ प्रत उतरवली, पाकीट चिकटवलं आणि सकाळी कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून ऑफिस गाठलं.

दुपारी डब्याची पिशवी उघडली, तर डब्याखाली घडी घातलेला जाड कागद. पाकिटात लाल शाईचा खर्डा गेला होता!

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी धावत पेटीपाशी आलो आणि चार वाजेपर्यंत तिथून हललो नाही. पोस्टमन आल्यावर म्हणालो, "माझं पाकीट परत द्या हो. चुकीचा कागद गेलाय."

"पेटीत पडलं की ते ज्याच्या नावचं त्याचं," तो म्हणाला.

मी आधी करड्या सुरात सांगून पाहिलं, मग आर्जवी, शेवटी सरळ लाचार झालो. तो मात्र तिन्ही वेळा एकाच सुरात नाही म्हणाला आणि थैली सायकलला अडकवून निघून गेला.

चौथ्या दिवशी ताईचा फोन आला. मायलेकी भांडण विसरून फ्रिजवरची यादी घेऊन धावत आल्या.

"पत्र मिळालं," ताई म्हणाली. "'आपले उपकार अविस्मरणीय आहेत.' हे तू लिहिलंस?"

"हो."

"भिकार आहे. आणि बाजूला लाल शाईत? 'इथे माफी मागायची, पण वकिलासारखी नाही.' 'इथे तिने लावून दिलेली शाळेच्या शर्टाची बटणं लिहू का? नको, ती रडेल. मीही रडेन.' हेही तूच?"

"हो."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "बटणं आठवतात तुला? पत्र फाडून टाकलं असतं, पण समास चांगला आहे. शनिवारी येते. चार दिवस राहीन."

समोर मुलीने चाळीस शब्द धरलेले, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "बरं."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

"हा कुठला सूर?" ताईने विचारलं.

"गदगदलेला," मी कसाबसा म्हणालो.

"मग तसं सांगत जा की, मेल्या," म्हणून तिने फोन ठेवला.

तेव्हापासून मी ताईला काहीही कळवलं की पुढे कंसात सूर लिहितो. शनिवारी ती आली, चारचे आठ दिवस राहिली, सगळं छान झालं. फक्त ही सवय हाताला जरा जास्तच बसलीय. परवा एका गिऱ्हाइकाला पत्र गेलं, 'आपली तक्रार मिळाली (कंटाळलेला).' साहेबांनी आत बोलावलंय. कुठल्या सुरात, ते विचारायचं राहिलं.