घोरपडेकाका आणि सुस्वभावी लाइन

पाहुणे घरी आले की आधी पाणी मागतात. घोरपडेकाका प्लग मागतात.

सोफ्यावर टेकायच्या आत त्यांच्या शर्टाच्या खिशातून मीटर निघतो, त्याच्या दोन सुया भिंतीतल्या सॉकेटात जातात आणि काका चष्मा कपाळावर सरकवून निदान सांगतात. "एकशे पंच्याण्णव. अशक्त आहे. फ्रिज जपा." किंवा, "दोनशे छप्पन्न! माजलीये लाइन. टीव्ही बंद करा आधी." दोनशे तीसच्या आसपास आकडा निघाला की त्यांचा चेहरा उजळतो. "सुस्वभावी आहे," असं म्हणून मगच ते चहाला हो म्हणतात. महाराष्ट्र मंडळाच्या सत्यनारायणाला त्यांनी तीर्थप्रसादाच्या आधी माइकचा प्लग तपासला होता. गुरुजी मंत्र म्हणायचे थांबले, तर काका म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. तुमची लाइन ठीक आहे."

मी इकडे उत्तरेत, मोहालीजवळच्या मनीमाजऱ्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. गाव हिंगोलीकडचं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी जिथे तिथे सांगतो, कारण त्या पायरीसाठी माझ्या आईबापाने काय काय केलं ते मला माहीत आहे. डिग्री इलेक्ट्रिकलची, नोकरी मात्र मोहालीत सॉफ्टवेअरची. काकांना हे कळलं त्या दिवसापासून मी "इंजिनिअर साहेब" झालो. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते अजून मोजता आलेलं नाही.

काका मूळचे माणदेशातले. हवाई दलात विमानांच्या वायरिंगचं काम करता करता वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झाले. त्यांच्या हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची, प्रत्येक पकडीची आकृती रंगवलेली आहे. काम संपलं की हत्यारं जागेवर जातात आणि हजेरी होते. "पक्कड एक?" "हजर." हे "हजर" मी म्हणायचं. एखादी आकृती रिकामी दिसली तर गल्लीतून कोणी हलायचं नाही. विमानात विसरलेला स्क्रू-ड्रायव्हर माणसं मारतो, हे त्यांचं ठाम मत. सुमनकाकूंच्या स्वयंपाकघरातल्या चमच्यांनाही हाच नियम लागू होता. शेवटी एका दिवाळीत काकूंनीच त्यांना झाऱ्याचा धाक दाखवून स्वयंपाकघराबाहेर काढलं.

आता गाडीबद्दल सांगतो, कारण काकांचं सगळं जग सध्या त्या गाडीत आहे.

काकूंच्या फुप्फुसांना चार वर्षांपासून त्रास आहे. घरात एक यंत्र आहे, हवेतून ऑक्सिजन गोळा करून नळीने नाकाला पुरवणारं. ते विजेवर चालतं आणि विजेच्या बाबतीत काकांइतकंच हट्टी आहे. व्होल्टेज घसरलं की ओरडतं आणि बंद पडतं. काकूंचा धाकटा भाऊ बाळू, ज्याला त्यांनी कडेवर घेऊन वाढवला, त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. गाव आटपाडीच्या पलीकडे. चार वर्षांत काकू गॅलरीच्या पुढे गेल्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मला जायचंय."

झालं. काकांनी शाळेची जुनी बारा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर विकत आणली. सीटा निघाल्या, पलंग आला, शेगडी आली, छोटं न्हाणीघर आलं. चालत्या गाडीत यंत्र बॅटरीवर चालणार. पण मुक्कामाला आणि लग्नाच्या चार दिवसांत गावची लाइन घ्यावीच लागणार. आणि गावची लाइन म्हणजे शेतातले पंप सुरू झाले की दिवा आहे की निखारा, ते कळत नाही.

काकांनी बाळूमामांना कुरियरने एक मीटर पाठवला. रोज तीन वेळा आकडे कळवायचे. स्पीकरवर मामांचा आवाज यायचा, "दाजी, मांडववाला आलाय ओ दारात!"

"मांडववाला थांबतो. पंप सुरू व्हायच्या आधीचा आकडा सांग."

"एकशे ऐंशी. आणि पत्रिका पोचली का?"

"पत्रिका पोचली. सुई नीट आत गेली होती का? पक्का?"

तर या असल्या लाइनवर गाडी जोडायची, म्हणून तीन गोष्टी बसवायच्या ठरल्या. एक बूस्टर, जो कमी व्होल्टेज उचलून वर नेतो. एक कटऑफ, जो एकशे नव्वदच्या खाली किंवा दोनशे साठच्या वर गेलेली लाइन तोडतो. आणि एक सर्ज प्रोटेक्टर. त्याच्याबद्दल बोलताना काका सावधानमध्ये उभे राहतात. "हा आपला सीमेवरचा जवान. वीज अंगावर घेतो, स्वतः जातो, आतल्यांना धक्का लागू देत नाही."

कोण कुठे बसवायचं यावर आमचा आठवडाभर वाद झाला. मी कागदावर आकृती काढून दिली. दारात प्रोटेक्टर, त्याला लागून कटऑफ, मग आत बूस्टर. आधी संरक्षण, मग बाकीचं. काकांनी आकृती उलटसुलट फिरवून पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं. "इंजिनिअर साहेबांची डिग्री आहे शेवटी." मला जो आनंद झाला, तो पदवीदानाच्या दिवशीही झाला नव्हता.

पण तपासायचं कुठे? मनीमाजऱ्याची लाइन सुस्वभावी. पंचकुल्याची त्याहून शहाणी. वाईट लाइन शोधत काका आठ दिवस स्कूटरवर फिरले आणि एका संध्याकाळी ओरडतच आले, "सापडली! डेराबस्सीला! कारखान्यांच्या मागं एक ढाबा आहे. शेजारी वेल्डिंगचं वर्कशॉप. वेल्डर सुरू झाला की ढाब्याचा पंखा मान टाकतो! काय घाण लाइन आहे लेका!"

लग्नाला नऊ दिवस उरले असताना, रविवारी सकाळी आम्ही तिघं सहलीला निघालो. काकू पलंगावर उशीला टेकून, खिडकीतून सगळं बघत. ढाब्याचे सरदारजी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अंकलजी, लोग पिकनिक पे कसौली जाते हैं. आप डेराबस्सी आए हो?"

"आपकी लाइन के लिए, पाजी!" काका म्हणाले. आपल्या लाइनची कोणी अशी तारीफ केलेली सरदारजींनी ऐकली नसावी. त्यांनी स्वतः बोर्ड उघडून दिला.

काकांनी सुया लावल्या. "एकशे अडुसष्ट! वा! वा!" आनंदाने त्यांनी माझ्या पाठीत गुद्दा घातला. मग केबल जोडली, गाडीचा मेन स्विच वर केला.

टक. लाल दिवा. सगळं बंद.

बॅटरीवर यंत्र चालू होतं, बाजूला भरलेला सिलिंडरही होता, तरी काका आधी आत धावले, काकूंच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा पाहिला आणि मगच बाहेर आले. पुन्हा जोडलं. टक. तिसऱ्यांदा टक. मी आकृती काढून बघितली. आकृती बरोबर होती. काका बाजेवर बसले. "नो चान्स," ते म्हणाले. "बाळूला फोन करतो. येणं होत नाही म्हणून सांगतो."

खिडकीतून काकूंचा आवाज आला. त्या दोन-तीन शब्दांनंतर थांबून बोलतात. "तो लाल दिवा... काय म्हणतो?"

"लाइन कमजोर आहे म्हणून आत घेत नाही," मी म्हणालो.

"आणि वाढवणारं यंत्र... कुठाय?"

"त्याच्या आत."

"म्हणजे आजारी माणूस आलं... तर त्याला तब्येत बरी नाही म्हणून... दवाखान्याच्या दारातनंच... परत लावताय की."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. एक वॉरंट ऑफिसर, एक इंजिनिअर आणि खिडकीत सातवी पास.

पुढचा पाऊण तास कोणी कोणाला साहेब म्हटलं नाही. कटऑफ दारातून काढला आणि बूस्टरच्या मागे नेला. प्रोटेक्टर दारातच राहिला. हत्यारांची हजेरी झाली. स्विच वर.

हिरवा दिवा! बाहेर एकशे अडुसष्ट, आत दोनशे अठरा! तेवढ्यात शेजारी वेल्डर पेटला, ढाब्याच्या पंख्याने मान टाकली, बाहेरचा आकडा एकशे एकोणसाठवर आला. आत दोनशे सात. यंत्र शांतपणे आपलं फुस्स, फुस्स करत राहिलं. "सुस्वभावी!" काका ओरडले आणि त्यांनी सरदारजींना मिठी मारली. सरदारजींनी कशाबद्दल ते न विचारता उलट मिठी मारली आणि लस्सी सांगितली.

"मग उद्या सकाळी निघायचं!" मी म्हणालो.

काकांनी ग्लास खाली ठेवला. "अर्थिंग एकदा बघायला पाहिजे."

"तीनदा बघितलंय."

"मागचे टायर..."

"नवे आहेत, काका."

"वाटेतल्या मुक्कामांच्या लाइनी कशा आहेत, ते कुठं माहितीये?"

मला आडून बोलता येत नाही. "काका, तुम्हाला जायचं नाहीये का?"

ते बराच वेळ केबलीची गुंडाळी करत राहिले. मग गाडीकडे पाठ करून हळू आवाजात म्हणाले, "नोकरीत निम्मी वर्षं फॅमिली नेता यायची नाही. सुट्टी संपली की पिशवी उचलून मी निघायचो, मागं ही राहायची. एकदाही रडली नाही माझ्यासमोर. आता तिथं भाऊ आहे, भाच्या आहेत, दिवसभर माणसांचा राबता. इथं काय आहे? मी आणि माझा मीटर. ती म्हणाली, तुम्ही जा, मी राहते इथंच... तर मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

मी केबलीचं दुसरं टोक उचलून धरलं.

"अहो," खिडकीतून आवाज आला. "मला ऑक्सिजन कमी आहे. कान शाबूत आहेत."

काका दचकले.

"राहायचं का नाही... ते तिथं गेल्यावर बघू. आणि राहिलेच... तर तुम्ही काय परकं आहात? तुम्हीपण राहा." काकूंनी दम घेतला. "आधी निघा तर. माझं जांभळं इरकल शोधावं लागंल... घरी जाऊन. कुठल्या ट्रंकेत आहे... देव जाणे."

"शोधू नको," काका म्हणाले. अजून पाठ तिकडेच. "गाडीतच आहे. तुझ्या पलंगाखाली."

"कधी ठेवलं?"

"संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. इस्त्री करून."

संक्रांतीला त्या गाडीत अजून एक वायरही पडलेली नव्हती.