पुढचा मी करून गेलाय

"हळू! शहराला आग लागली म्हणून काय झालं? हळू ओरडा," बटणची आई कुजबुजली.

तिच्या दिराने आवाज खाली घेतला आणि "पळा पळा, पूल पेटला!" ही आरोळी एखाद्याच्या कानात गुपित सांगावं तितक्या नाजूकपणे ठोकली. तो गाडी चालवायला शिकवायचा. आठवडाभर शिकाऊ लोकांवर ओरडल्यावर रविवारी दुपारी वहिनीच्या बाल्कनीत बसून कुजबुजत लढाया मारणं त्याला जड जायचं, पण इलाज नव्हता. या खेळात सैन्यं भिडली ती कुजबुजत, राजे पडले ते कुजबुजत, आणि एक अख्खा भूकंप पावलं न वाजवता येऊन गेला होता.

याला कारणं दोन. पहिलं कारण काचेच्या दाराआड पलंगावर पालथं झोपलेलं होतं. अडीच वर्षांची बटण. दिसेल ते बटण दाबायचं, दिसेल ते झाकण फिरवायचं, दिसेल ती खिट्टी सरकवायची, म्हणून तिचं हे नाव. ती झोपली की तिच्या आईची दुपार सुरू व्हायची आणि ती उठली की संपायची. दुसरं कारण खालच्या मजल्यावर राहायचं. खालच्या काकू. जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला, त्यामुळे गुडघे थकले तरी कान तरणेताठे. बाल्कनीत खेळ रंगात आला की खालून काठीने ठक् ठक् व्हायचं आणि वरचे चौघं जीभ चावून आणखी हळू बोलायला लागायचे.

बटणची आई बस आगारात वेळापत्रकं बसवायची. कोणती गाडी कधी सुटली म्हणजे कोणती कुठे अडकत नाही, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं, फक्त झोप मिळत नव्हती. हा खेळ तिने बटणला थोपटता थोपटता डोक्यात रचला होता. एका शहराचं मोठं घड्याळ बंद पडलंय. तीन खेळाडूंनी आजोबांच्या काळात, आजच्या काळात आणि नातवंडांच्या काळात येजा करून ते चालू करायचं. काय दिसतं आणि काय घडतं ते सूत्रधार म्हणून ती सांगणार, आपण काय करतो ते खेळाडू सांगणार, आणि जमलं की फसलं याचा निवाडा फासे करणार. आता कुणी आजोबांच्या काळात एक खिडकी फोडली, तर नातवंडांच्या काळापर्यंत सगळं बदलायचं. हा गुंता डोळ्यांसमोर राहावा म्हणून तिने कपडे वाळत घालायची दोरी कामाला लावली होती. डाव्या टोकाला आजोबा, उजव्या टोकाला नातवंडं, आणि प्रत्येक घटनेचं एक कार्ड चिमट्याने अडकवलेलं. मधेमधे बटणचे फ्रॉक. रविवारी इतिहास आणि धुणं एकाच उन्हात वाळायचं.

सगळ्यांचा लाडका नियम होता उसन्याचा. अडचणीत सापडलं की खेळाडूने म्हणायचं, "पुढचा मी येऊन हे करून गेलाय." लगेच हवी ती वस्तू हजर! झाडाला दोर, होडीत वल्हं, पहारेकऱ्याच्या पोटात गुंगीचं औषध. मात्र खेळ संपायच्या आत खरोखर मागे जाऊन ते काम करून यायचं. नाही केलं, तर त्यावर उभं राहिलेलं सगळं कोसळणार. अशा प्रत्येक उसन्याला लाल चिमटा, फेडलं की तो काढायचा.

तिच्या नवऱ्याला हा नियम इतका मानवला की त्याने तो घरातही लागू केला.

"भांडी?"

"पुढचा मी घासून गेलाय."

"काकूंना जास्तीची किल्ली देऊन ये म्हटलं होतं. मी कामावर, तू कामावर, कधी काही झालं तर?"

"दिलीच समज. पुढचा मी देऊन आलाय."

"आणि या बाल्कनीच्या दाराची खालची कडी? वर्षभर जाम आहे."

इथे मात्र नवल झालं होतं. आज सकाळी नवरा स्वतःहून पकड आणि तेलाची बाटली घेऊन दारापाशी मांडी घालून बसला आणि कडी लोण्यासारखी सरकायला लागली. बायकोने दोनदा सरकवून पाहिली. मागून बटणनेही पाहिली. कौतुकाच्या भरात ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आज खेळाचा शेवटचा दिवस होता. तिसरी खेळाडू, जिला सगळे दातवाली म्हणायचे, ती दातांची डॉक्टर मंगळवारी दुसऱ्या गावी चालली होती. आज घड्याळ चालू झालं नाही तर कधीच होणार नव्हतं. बटणच्या आईने हा शेवट आठ महिने जपला होता. बाकी सगळ्या दिवसाचे तुकडे ती दुसऱ्यांना वाटत होती. ही एकच गोष्ट तिने आपल्यासाठी रचली होती, आणि ती पुरी होताना बघायची होती.

आणि नवरा मोठी चूक करायला निघाला होता.

"मी मनोऱ्यात शिरतो," तो कुजबुजला, "आणि घड्याळाला किल्ली देतो."

बटणच्या आईने झटकन दोरीकडे पाहिलं. दोरीच्या अगदी डाव्या टोकाला, पिवळ्या फ्रॉकच्या आड, एक लाल चिमटा अजून लटकत होता. पहिल्याच रविवारचा. सूत्रधाराने सुचवायचं नाही हा तिचाच नियम, म्हणून ती नुसती फ्रॉककडे बघून भुवया उडवत राहिली.

"तुझ्या डोळ्यात काही गेलंय का?" दातवालीने विचारलं.

तेवढ्यात मागे सुर्र झालं. अगदी मऊ, तेल प्यायलेलं सुर्र.

काचेपलीकडे बटण उभी होती. केस एका बाजूला चपटे, गालावर उशीची घडी, हात खालच्या कडीवर. आईकडे बघून ती गोड हसली.

"बटण," आई म्हणाली, "उघड बाळा. सुर्र कर. उलटं सुर्र."

बटणला सुलटं सुर्र आवडलं होतं. ती टाळ्या वाजवत आत निघून गेली.

मग चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. दाराशेजारची खिडकी उघडी होती, पण तिला गज होते आणि दिराचा हात कोपरापर्यंत जाऊन कडीच्या वीतभर वर संपत होता.

"फोन करा कुणाला तरी," दातवाली म्हणाली.

"फोन आत टोपलीत आहेत," नवरा म्हणाला. "खेळाच्या जागी फोन आणायचे नाहीत. नियम आहे."

"कुणाचा नियम?"

तिघंही सूत्रधाराकडे बघायला लागले.

"माझ्याकडे नंतर बघा! गॅस मुख्य खटक्याला बंद आहे, न्हाणीला बाहेरून कडी आहे, औषधं वर आहेत," आईने भराभर मनातल्या मनात घरभर फिरून घेतलं. "बिस्किटांचा डबा खाली आहे."

बिस्किटांचा डबा खाली होता हे बटणलाही ठाऊक होतं. ती तो काखोटीला मारून परत आली, दारापाशी बसली आणि चौघांना काचेतून एकेक बिस्कीट दाखवून खायला लागली. मग दातवालीची पर्स आणली. मग टोपलीतला वाजणारा फोन आणला.

"दाब!" नवरा ओरडला. "बटण, हिरवं दाब! अगं, जन्मात एकदा सांगतोय दाब म्हणून!"

बटणने फोनकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि फोन अलगद बिस्किटांच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

"सकाळी कडी दुरुस्त करायची काय अवदसा आठवली तुला?" बटणच्या आईने विचारलं.

"वर्षभर तूच मागे लागली होतीस!"

"मग वर्षभर ऐकलं नाहीस, आजच कसं ऐकलंस?"

नवरा दुखावला. "मला मागे जाता आलं असतं ना, तर ते तेल परत बाटलीत भरलं असतं."

दातवाली हसायला लागली, मग दीर, आणि मग काचेला टेकलेली बटणही, तोंडातली बिस्किटं सांडत. तेवढ्यात खालून ठक् ठक् ठक् झालं.

"काकू!" बटणची आई कठड्यावरून वाकली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिने बाल्कनीत मोठ्याने तोंड उघडलं होतं. "माफ करा हो काकू, पण आम्ही अडकलोय! बटणने आतून कडी घातली!"

"कळलं मला!" खालून खणखणीत उत्तर आलं. "पुढच्या दाराची किल्ली कुणाकडे आहे?"

"तुमच्याकडेच ना? हा देऊन गेला ना?"

"कोण देऊन गेलं? इकडे कुणी फिरकलं नाही."

नवऱ्याने हळूच पँटच्या खिशात हात घातला आणि जास्तीची किल्ली बाहेर काढली.

"द्यायचीच होती," तो म्हणाला. "रोज घेऊन फिरतो. रोज खाली उतरतो, आणि..."

"आणि पुढचा तू देऊन आलेला असतोस."

"पण बघ की! दिली नाही म्हणूनच आत्ता जवळ आहे!"

बायकोने किल्ली त्याच्या हातातून ओढून घेतली. किल्ली खाली सोडायला दोरी हवी होती, आणि बाल्कनीत दोरी एकच होती.

"कार्डं काढायला वेळ जाईल," दीर म्हणाला. "तशीच सोडू. चिमटे घट्ट आहेत." त्याने दोन्ही टोकं सोडली, डाव्या टोकाला किल्ली बांधली आणि दोरी कठड्यावरून खाली सोडायला लागला. आधी आजोबांचा काळ खाली गेला, मग पिवळा फ्रॉक, मग पूल, मग भूकंप. काकूंनी किल्ली पकडली आणि "मिळाली" सांगायला दोरीला झटका दिला. झटका बसताच दिराने सवयीने पायाखालचा ब्रेक दाबला. पायाखाली ब्रेक नव्हता, आणि हातातली दोरी सुटली होती.

नातवंडांचा काळ सळसळत खाली गेला.

"गेलं," बटणची आई म्हणाली. एवढंच म्हणाली. कठड्याला धरून ती मोकळ्या हुकाकडे बघत राहिली. बटण उठली होती, दोरी गेली होती, आणि दातवालीला सामान बांधायचं होतं.

पुढचं दार उघडलं. काकू एकेक पाऊल टाकत आत आल्या. खांद्यावर पिवळा फ्रॉक, हातात दोरीचं वेटोळं, कार्डांसकट, चिमट्यांसकट. बटण त्यांच्याकडे धावली. काकूंनी खुर्ची ओढून खिडकीशी ठेवली, बटणला मांडीवर घेतलं आणि गजांपलीकडच्या चौघांना न्याहाळलं.

"काकू, ती खालची कडी," बटणची आई म्हणाली.

"उघडू की. पण मला सांग, दार उघडलं की ही तुझ्या अंगावर चढणार. मग खेळ मोडला ना?"

"हो, पण..."

"आणि या दातवाल्या बाई मंगळवारी चालल्या."

"तुम्हाला कसं माहीत?" दातवालीने विचारलं.

"अगं, सगळी नोकरी मला लोकांचं बोलणं न ऐकण्याचा पगार मिळाला. आता निवृत्त झालेय." काकूंनी पदर सावरला. "दर रविवारी खाली खुर्ची टाकून बसते मी. तो भूकंप झाला तेव्हा मला रात्री झोप लागली नाही."

"पण तुम्ही तर काठी ठोकायचात!" दीर म्हणाला.

"ठोकणार नाही तर काय? ऐन रंगात आलं की तुम्ही आवाज खाली घ्यायचा. म्हटलं, जरा मोठ्याने बोला की!"

चौघांची तोंडं उघडी राहिली.

"ही माझ्याकडे राहते," काकूंनी बटणच्या हातात एक निळा चिमटा दिला. "कडी नंतर. तुम्ही संपवा आधी. घड्याळाला किल्ली देत होतात तुम्ही. आणि म्हणूनच मी काठी घेऊन उठले होते. अहो, मनोऱ्याचं दार पहिल्या दिवशी आतून बंद होतं! ते उघडं कसं सापडलं तुम्हाला?"

नवऱ्याने डोकं खाजवलं. "पुढचा मी येऊन..."

काकूंनी वेटोळ्यातून टोक शोधलं आणि लाल चिमटा गजांतून त्याच्या नाकासमोर धरला. "फेडलंत?"

"वहिनी, हे चालतं का?" दीर म्हणाला. "बाहेरच्या माणसाने सुचवायचं?"

"बाहेर तुम्ही आहात," काकू म्हणाल्या. "मी आत आहे."

सूत्रधाराने क्षणभर विचार केला. असा नियम तिने केलेला नव्हता. आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"चालतं," ती म्हणाली.

मग नवरा आजोबांच्या काळात गेला. दातवालीने त्याला खांद्यावर घेऊन मनोऱ्याच्या खिडकीत चढवलं, दिराने पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवलं, फासे पडले आणि बरे पडले. काकू आतून एकेक कार्ड काचेला लावून दाखवत होत्या, बटण त्याला चिमटा लावत होती, आणि कुणीही कुजबुजत नव्हतं. दीर तर असा ओरडत होता की समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

"मी मनोऱ्याच्या आत आहे," नवरा शेवटी म्हणाला. "आतून कडी आहे. मी ती काढतो."

"आणि बाहेर," बटणची आई म्हणाली, "आठ महिन्यांपूर्वीचा तू उभा आहेस. दार ढकलतोस. उघडतं. आजचा तू किल्ली देतोस. वर, खूप वर, काहीतरी हलतं. टक्."

"तत्," बटण म्हणाली. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून तिनेही वाजवल्या, खुर्चीवरून उतरली, दारापाशी गेली, आणि जणू इतका वेळ याचीच वाट बघत होती अशा थाटात उलटं सुर्र करून आईच्या कुशीत शिरली.

बऱ्याच वेळाने, दोरी पुन्हा बांधून झाल्यावर, जायला निघालेल्या काकूंनी दातवालीच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला.

"पुढच्या रविवारी ही खुर्ची..."

"तुमचीच," बटणची आई म्हणाली. "पण बसायचं आत, कडीपाशी. आणि बोलायचं मोठ्याने."

काकू खूश झाल्या. दाराशी पोहोचल्यावर त्यांना आठवण झाली. "ही तुमची जास्तीची किल्ली. माझ्याकडेच ठेवू ना?"

नवरा ओशाळून पुढे झाला. पण बायकोने किल्ली घेतली, एकदा त्या सुरेख सरकणाऱ्या कडीकडे पाहिलं, आणि किल्ली परत त्याच्या खिशात टाकली.

"राहू दे त्याच्याकडेच," ती म्हणाली. "तो देईल कधीतरी."